दोन चौकटी जाड

"अक्षरं बारीक करा, येमूल बाई. इतकी गलेलठ्ठ कशाला? सगळं नाव एका दमात बसलं पाहिजे."

मालकांनी माझ्या आलेखाच्या कागदावर बोट टेकवलं. बोटात जाडजूड अंगठी होती आणि ती नेमकी माझ्या 'ख'वर आली होती.

"बसणार नाही," मी म्हणाले.

"बारीक केल्यावर का बसणार नाही?"

"बारीक केल्यावर बसेल. पण मी बारीक करणार नाही."

मुख्याध्यापिका पुजारी बाई खोकल्या. त्यांना खोकला झाला नव्हता. मालकांसमोर कोणी आवाज चढवला की त्या खोकायच्या, आणि माझा आवाज तर न चढवताच चढलेला असायचा. आमच्या घरात दोन यंत्रमाग होते. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलायची सवयच लागत नाही. आमच्याकडे प्रेमानं बोलावलं तरी शेजाऱ्यांना भांडण वाटतं.

"नाव आहे 'रावसाहेब खडके संकुल'," मालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमच्या त्या पायऱ्यांवर बसवा कसंही. नाहीतर फ्लेक्सवाल्याला सांगतो."

"सांगा की. फ्लेक्सला मुली लागत नाहीत."

"येमूल बाई!" पुजारी बाईंच्या खोकल्याला आता शब्द फुटले.

मालक मात्र हसले. त्यांना मुलीच हव्या होत्या. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसमोर फ्लेक्स काय, कोणीही लावतो. "बरं, दोनदा करा. आधी 'खडके', मग 'संकुल'. रावसाहेब कोण ते गावाला माहीत आहे." ते उठले, कोटाची बटणं लावली आणि दारातून वळून म्हणाले, "तुमच्या कायम होण्याचं प्रकरण माझ्याकडे आलंय, बाई. बघू, एकदा कार्यक्रम नीट पार पडू दे."

ही गोष्ट जुनी आहे, मोबाईलवर फोटो निघत नव्हते तेव्हाची. सोलापूरच्या पूर्व भागात आमची कन्या प्रशाला होती आणि मी तिथे चित्रकला शिकवायचे. मालक म्हणजे रावसाहेब खडके, शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. आमच्या गावात वजनदार माणसाला मालक म्हणायची पद्धत आहे. तो नेमका कशाचा मालक आहे हे विचारायची पद्धत नाही.

शाळेच्या मैदानाच्या एका अंगाला बारा दगडी पायऱ्या होत्या, स्टेडियमला असतात तशा. कार्यक्रम असला की समोर मांडव पडायचा, त्यात पाहुणे बसायचे, आणि पायऱ्यांवर आमच्या मुली. प्रत्येकीच्या हातात एक चौकोनी पुठ्ठा, एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने पिवळा. शिट्टी वाजली की कोणी निळी बाजू समोर धरायची, कोणी पिवळी, आणि मांडवातून बघणाऱ्याला निळ्यावर पिवळा शब्द दिसायचा: 'स्वागत'. पुढच्या शिट्टीला 'धन्यवाद'. गोलाई नावाला नाही, सगळे कोपरेच कोपरे. जुन्या व्हिडिओ गेममध्ये आकडे असायचे ना, तशी ठोकळ्यांची अक्षरं. पण मैदानापलीकडच्या गच्चीवरूनही वाचता यायची. आजूबाजूचे लोक आम्हाला 'पुठ्ठ्याची शाळा' म्हणायचे.

ती अक्षरं माझी होती, म्हणजे खरं तर माझ्या वडिलांची. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. नायना चादरींचे आलेख काढायचे. सोलापुरी चादरीवर मोर असतो, कमळ असतं, काठाला कारखान्याचं नाव असतं. ते सगळं आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून काढावं लागतं, मग त्यावरून मागासाठी पुठ्ठ्याला भोकं पाडतात. मी अक्षरं गिरवली ती पाटीवर नाही, त्या चौकटींत. आणि नायनांचा नियम एकच: अक्षराची रेघ दोन चौकटींपेक्षा बारीक काढायची नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, "आधी काढ."

शाळेत लागल्यावर पहिल्याच वर्षी मी फजिती करून घेतली होती. चादर मागावर उलट्या अंगानं विणली जाते. विणणाऱ्याला नाव उलटंच दिसतं आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. मी त्याच सवयीनं मुलींच्या जागा लावल्या. सरावाला शिट्टी वाजली आणि पायऱ्यांवर आरशात दिसावं तसं उलटं 'स्वागत' उमटलं. मला त्यात काही वावगं दिसेना. पुजारी बाई म्हणाल्या, "येमूल बाई, पाहुण्यांना परत पाठवताय की काय?" त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

या कामात मुलींना एकच गोष्ट पाठ करावी लागायची: आपला रंग. पायरीवर बसलेल्या मुलीला आपण कोणत्या अक्षरात आहोत ते दिसत नाही. म्हणून तळहातावर पेनानं लिहायचं, 'नि', 'पि', पुन्हा 'नि'. पहिल्या शिट्टीला निळा, दुसरीला पिवळा, असं. आणि शिस्तही एकच. शिट्टीशिवाय पुठ्ठा हलवायचा नाही, नाकावर माशी बसली तरी.

मालक येऊन गेले त्याच आठवड्यात नाझनीन माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, चला की मैदानात. बगा की काय करूलालेत."

नाझनीन बागवान दहावीत होती, कबड्डीची कॅप्टन, शाळेतली सगळ्यांत उंच मुलगी. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की मैदानाच्या त्या टोकाची पोरगी जागच्या जागी थांबावी. पुजारी बाईंनी तिला त्यापायी कितीदा तरी वर्गाबाहेर उभं केलं असेल. "मुलीच्या जातीला हे शोभत नाही." नाझनीन म्हणायची, "बरं बाई," आणि मधल्या सुट्टीत पुन्हा शिट्टी.

मैदानात दोन माणसं टेप धरून उभी होती. तिसरा चुन्याची रेघ ओढत चालला होता, आणि ती रेघ कबड्डीच्या कोर्टाला मधोमध कापून पुढे गेली होती.

"काका, ह्ये कशाचं?" नाझनीननं विचारलं.

"पायाचं. गाळ्यांच्या."

"कसले गाळे?"

"दुकानांचे. पार पायऱ्यांपर्यंत." आणि तो रेघ ओढत पुढे गेला.

मी तडक पुजारी बाईंच्या खोलीत गेले. "बाई, संकुल म्हणजे नवे वर्ग ना? मीटिंगमध्ये तर वर्ग म्हणाले होते."

त्या काही वेळ टेबलावरची काच पुसत राहिल्या. "वर्गही आहेत म्हणे. तिसऱ्या मजल्यावर. खाली दुकानं, मध्ये लग्नाचा हॉल."

"आणि मैदान?"

"मैदान कुठलं आता? त्याच्यावरच तर."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला विचारलं कोणी?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "तुम्हालाही नाही विचारलेलं. कायम व्हा आधी, नागमणी. मग बोला."

त्यांनी मला नावानं हाक मारली ती तेवढीच. त्यांना माझी काळजी होती, हे मला तेव्हाही कळलं. पण राग इतका आला होता की कान गरम झाले होते. या मुलींची घरं मी पाहिली होती. एका खोलीत माग, दुसऱ्या खोलीत माणसं. शाळेतून घरी गेलं की आईशेजारी बसून विड्या वळायच्या, धाकट्यांना सांभाळायचं. गल्लीत जावं तर तिथे पोरांचं क्रिकेट. पळायला म्हणून त्यांच्याकडे हे एक मैदान होतं. इथे त्या ओढण्या कमरेला खोचून ओरडायच्या, एकमेकींना धरून आपटायच्या, गुडघे फोडून घ्यायच्या, आणि 'हळू' म्हणायला कोणी नसायचं. आता त्याच मैदानावर दुकानं येणार, आणि त्या दुकानांची पाटी मी काढायची, ती याच मुलींनी हातांनी वर धरायची, आणि वर टाळ्या.

नाझनीन बाहेर माझी वाट बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. लपवून काय करायचं होतं?

ती चुन्याच्या रेघेपाशी गेली आणि तिनं पायानं ती थोडी पुसली. मग म्हणाली, "बाई, पुठ्ठे तर आमच्याच हातात असतेत ना?"

"असतात."

"मग तिसरी शिट्टी वाजली तर?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं नजर खाली केली नाही.

संध्याकाळी घरी मी कागद पसरला. पहिला शब्द 'खडके', दुसरा 'संकुल', ते तयारच होते. तिसरा काढायला घेतला. छोटा शब्द असल्यानं मला जागाच जागा होती. बाराच्या बारा पायऱ्या भरतील असा मी तो काढला, ठळक, रुंद, खांबासारख्या कान्याचा. 'ह'च्या पोटानं तेवढा जीव खाल्ला. चौकटींत पोट काढणं म्हणजे हत्तीला कपाटात बसवणं.

माग बंद करून नायना मागे येऊन उभे राहिले. त्यांनी तिन्ही शब्द ओळीनं वाचले. ते आमच्या तेलुगूत म्हणाले, "नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"दोन चौकटी घेतल्यास?"

"घेतल्या."

"का घेतो, माहीत आहे?" आणि या खेपेला त्यांनी स्वतःच सांगितलं. "धागा तुटतो, मणी. कितीही चांगला घेतला तरी कुठेतरी तुटतो. बारीक अक्षरातला एक तुटला की नाव गेलं. जाड असलं की दहा तुटले तरी वाचणारा वाचतो." मग ते जेवायला बसले आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी चित्रकलेच्या तासाला एकेका वर्गाचं दार लावून घेतलं. सगळं उघड सांगितलं. शब्द कोणता, कशासाठी, आणि त्यानंतर काय काय होऊ शकतं.

"ज्यांचे वडील मालकांच्या कारखान्यात आहेत, ज्यांना घरी मार बसेल, ज्यांना भीती वाटते, त्यांनी तिसऱ्या शिट्टीला निळाच धरायचा. मी नावं बघणार नाही. नंतर विचारणारही नाही."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मग अक्षर तुटंल की बाई."

"नाही तुटणार. दोन चौकटी जाड काढलंय."

"आन् तुमची नोकरी?"

"ते माझं मी बघते. तुम्ही तुमचा हात बघा."

तळहातावर तीन अक्षरं लिहायची ठरली. सराव मात्र दोनच शब्दांचा झाला, मालकांच्या माणसांसमोर, व्यवस्थित. तिसरा शब्द आम्ही कधी करूनच पाहिला नाही. तो जमेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि मला तर मुळीच नाही.

कार्यक्रम शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा होता, त्यातच संकुलाचं भूमिपूजन. त्या सकाळी मालकांनी पहिला दणका दिला. माझ्या गळ्यातली शिट्टी त्यांनी पुजारी बाईंना द्यायला लावली.

"शिट्टी मुख्याध्यापिकाच वाजवतील. दोन शिट्ट्या, पुजारी बाई. एक 'खडके', दोन 'संकुल', की लगेच पाहुणे कुदळ मारतील. येमूल बाई, तुम्ही जेवणाकडे बघा."

म्हणजे मी मांडवाच्या मागे, जिलबीच्या कढईपाशी. त्यांना काही कळलं होतं असं नाही. अक्षरं बारीक करणार नाही असं मी म्हणाले होते, त्याची ही शिक्षा होती. पण शिट्टी गेली. मी कढईजवळ उभी राहून तेलाचा धूर खात होते आणि डोक्यात एकच विचार चालला होता. तिसरी शिट्टी वाजवणार कोण? ओरडावं म्हटलं तर लाउडस्पीकरवर सनई लावलेली. माझ्या आवाजाचंही तिथे काही चाललं नसतं.

मुली पायऱ्यांवर बसल्या. मी कनातीच्या फटीतून बघत होते. तेवढ्यात शाळेचे क्लार्क ढेपे घाईघाईनं पायऱ्यांपाशी आले.

"ए, पाहुण्यांवर फुलं टाकायला मुली पाहिजेत. उंच उंच चला. तू, तू, तू गं. ठेवा ते पुठ्ठे खाली."

त्यांनी पंचवीस-तीस मुली उठवल्या, मधूनच, कुठूनही, जी उंच दिसली ती. नाझनीन सगळ्यांत आधी उचलली गेली. ती आठव्या पायरीवर बसायची. तिसऱ्या शब्दात तिची जागा 'ना'च्या कान्यात होती, बरोबर मधोमध. जिथे जिथे मुली उठल्या तिथे ना निळं ना पिवळं, नुसता काळा दगड दिसायला लागला. भिणाऱ्या मुलींचा हिशोब मी धरला होता, ढेप्यांचा धरला नव्हता.

पाहुणे आले. नाझनीन आणि बाकीच्या मुलींनी दोन्ही बाजूंनी झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. हार झाले, दीप झाला, भाषणं झाली. मैदानाच्या मध्यावर रांगोळी काढली होती आणि तिच्याशेजारी चांदीचा पत्रा लावलेली कुदळ लाल कापडावर ठेवली होती. कंपाउंडच्या भिंतीवर आणि पलीकडच्या गच्च्यांवर मुलींच्या आया गर्दी करून उभ्या होत्या, मागवाले अर्धी पाळी टाकून आले होते. पुठ्ठ्याची अक्षरं बघायला सगळा भाग दर वर्षी यायचा.

सनई थांबली. पुजारी बाई पुढे आल्या. पहिली शिट्टी.

'खडके'. 'ड'ला दोन भोकं, 'ख'चा एक कोपरा उडालेला, तरी सगळ्यांना वाचता आलं. टाळ्या पडल्या. दुसरी शिट्टी. 'संकुल'. पुन्हा टाळ्या. मालक उठले, पाहुण्यांकडे बघून हसले आणि पायऱ्यांकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. पुजारी बाईंनी शिट्टी सोडली आणि ती त्यांच्या गळ्यात लोंबायला लागली. पाहुणे कुदळीकडे निघाले.

मी कनात वर केली आणि बाहेर आले. काय करणार होते, मला आजही सांगता येणार नाही. बहुधा ओरडणार होते.

नाझनीन फुलांचं ताट घेऊन ढेप्यांच्या शेजारीच उभी होती. तिनं ते ताट शांतपणे ढेप्यांच्या हातात दिलं. त्यांनी घेतलंही, मुलीनं दिलं म्हणून. मग तिनं दोन बोटं तोंडात घातली.

ती शिट्टी मी आयुष्यभर विसरणार नाही. मांडवातले सगळे दचकले. पाहुण्यांचा पाय रांगोळीत पडला.

क्षणभर काहीच हललं नाही. पायऱ्यांवर 'संकुल' तसंच होतं. मग सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या पाचवीतल्या एका चिमुरडीनं आपला तळहात बघितला आणि पुठ्ठा फिरवला. तिच्या शेजारणीनं फिरवला. आणि मग खालून वर, एक पायरी, दोन पायऱ्या, पुठ्ठ्यांचा फडफडाट वर चढत गेला.

'नाही'.

बारा पायऱ्या उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिरोरेघेत काळी भोकं, वेलांटीत भोकं, 'ह'चं पोट एका बाजूनं फाटलेलं. कुठे उचललेल्या मुली नव्हत्या, कुठे बिचाऱ्या भ्यालेल्या मुलींनी निळा धरला होता. तरी तो शब्द उभा होता. पिवळाजर्द. शेवटच्या गच्चीवरच्या माणसालाही वाचता येईल असा.

भिंतीवरच्या एका बाईनं दुसरीला विचारलं, "काय लिवलंय गं?"

"आधी खडके म्हणले, मग संकुल म्हणले. आता न्हाई म्हणूलाल्यात पोरी."

"कशाला न्हाई?"

"मैदानाला हात लावायचा न्हाई."

ते गर्दीत पसरत गेलं, आधी कुजबुज, मग एकदम गलका. मालकांचे हात अजून जोडलेलेच होते. ते खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

"खाली! पुठ्ठे खाली!" ते ओरडले.

एक पुठ्ठा हलला नाही. शिट्टीशिवाय हलवायचा नाही, ही मी लावलेली शिस्त. ढेपे ताट घेऊनच पायऱ्यांकडे धावले आणि झेंडूच्या पाकळ्या सांडत खालच्या मुलींवर खेकसले. मुलींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काहींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पुठ्ठे वरच.

मालक पुजारी बाईंवर वळले. "वाजवा! शिट्टी वाजवा म्हणतो ना! बघताय काय?"

पुजारी बाईंनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. तिच्याकडे बघितलं. आता वाजवणार, असं मला वाटलं. मुलींनाही वाटलं असणार.

"मालक," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला दोन शिट्ट्या सांगितल्या होत्या. दोन वाजवल्या."

आणि त्या खोकल्या नाहीत.

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, पुढचा कार्यक्रम आहे म्हणाले आणि गाडीत बसले. चांदीची कुदळ लाल कापडावरच राहिली. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा नाझनीननं पुन्हा एक शिट्टी मारली आणि सगळे पुठ्ठे एकदम खाली आले. पुजारी बाई तिच्याकडे वळल्या. आता ओरडा बसणार म्हणून तिनं मान खाली घातली.

"पुढच्या वेळी," बाई म्हणाल्या, "आधी हात धुऊन घे. फुलांचे हात होते."

मला त्याच आठवड्यात घरी बसवलं. कारण लिहिलं होतं, काम समाधानकारक नाही. मी ते वाचून हसले. पुजारी बाईंना निवृत्तीपर्यंत कोणी सभेत बोलावलं नाही. पण गाळ्यांचा पाया काही पडला नाही. मालकांच्या कचेरीत रोज पंधरा-वीस आया जाऊन बसायच्या, विड्यांची सुपं मांडीवर घेऊन, तिथेच विड्या वळत. कोणी उठवायला आलं की म्हणायच्या, "पोरीनं सांगितलंय की, न्हाई." शेवटी संकुल दुसरीकडे गेलं. मैदान अजून आहे. नाझनीन तिथे कबड्डी शिकवते आणि तिच्या पोरी तिच्यापेक्षा मोठ्यानं शिट्ट्या मारतात.

मी पुढे कॉम्प्युटर शिकले आणि त्या चौकटींच्या अक्षरांचा फॉन्ट केला. नाव ठेवलं 'पुठ्ठा'. शाळेनं काढल्यावर पोटासाठी टॉवेलांची लेबलं करत होते, त्यातून तो वाढत गेला. आता तो खेळाच्या जर्सीवर असतो, मोर्च्यांच्या फलकांवर असतो, चहाच्या टपऱ्यांच्या पाट्यांवर असतो, मुलांच्या मोबाईल गेममध्ये असतो. लोकांना तो जुन्या गेमसारखा वाटतो आणि म्हणून आवडतो. आवडू दे. बारीक करून द्या म्हणणारेही भेटतात. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला पाठ आहे.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीतल्या मुलाचा फोन आला. त्यांना फॉन्ट विकत घ्यायचा होता. फार गोड बोलत होता.

"मॅडम, अक्षर एकदम दणकट आहे. फक्त एक चूक राहून गेलीय. कान्यात, बरोबर मध्ये, एक चौकट रिकामी आहे. जिथे जिथे काना येतो तिथे ते भोक दिसतं. तेवढं भरून देता का?"

"ती चूक नाही."

"मग तिथे काय आहे?"

"तिथे नाझनीन बसते," मी म्हणाले. "ती शिट्टी वाजवायला गेली आहे."